वाडी नाक्यावर, कानाला पेचकस

दोन हजार अकराचं मॉडेल, तिसरा मालक मी.
पहिला भंडाऱ्याचा, दुसऱ्याचं नाव
आरसी बुकात पाण्यानं फुगून गेलेलं.
विकणारा म्हणाला, गाडी लोण्यासारखी वळते.
वळलीही. संध्याकाळ होती, गाडी रिकामी होती,
आणि घ्यायचीच, हे मी घरूनच ठरवून निघालो होतो.

पहिल्यांदा अडली ती कळमन्याच्या गेटात.
मागं भिवापुरी मिरचीची पोती,
अख्खा बाजार शिंकत होता,
आणि स्टिअरिंग एकदम दगड.
दोन्ही हातांनी ओढलं, खांदा लावला.
हमाल म्हणाला, काहून बे, म्हशीचं शिंग पिळून राहिला का?
मग आपोआप सुटलं,
जसं काही झालंच नव्हतं.

ब्रेकचं त्यानंतर आठवड्यानं.
हवेचा काटा पाचावर रेंगाळायचा,
बझर कापसीपासून ओरडत यायचा.
पारडीच्या उतारावर पाय दाबला
तेव्हा थांबायच्या आधी गाडीनं थोडा विचार केला.
तेवढ्यात समोरच्या स्कूटरवरच्या बाईच्या पिशवीतली मेथी
मला पान पान दिसली.

मी वही केली.
एका पानावर स्टिअरिंग, एका पानावर ब्रेक.
तेल बदललं; जुनं निघालं फेसाळलेलं, लालाचं गुलाबी.
होज पाइप नवा. पंपाचं सील किट, साडेअकराशे.
हवेच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून
बुडबुड्यांची वाट पाहत बसलो मेच्या उन्हात;
साबण वाळायचा, बुडबुडा यायचा नाही.
टाकीचा कॉक सोडला तर आधी पाणी,
मग मळकट तेल, मग नुसता सुस्कारा.
एकानं सांगितलं, स्टिअरिंग बॉक्स गेला.
एकानं सांगितलं, व्हॉल्व्ह.
दोघेही आपापल्या दुकानापुरते खरे होते.
बायको म्हणाली, दोन पानं कशाला?
एकावरच लिहा, वही पुरेल.

सोनबाजी निखारे वाडी नाक्यावर कडुलिंबाखाली बसतात.
तिशीपर्यंत गोळीबार चौकात हातमागावर होते.
माग विकला तेव्हा भंगारवाल्यानं जळणाचा भाव दिला,
हे ते सगळ्यांना सांगतात. मला दोनदा सांगितलं.
वहीकडं बघितलंही नाही. रेस दे, म्हणाले. सोड. अजून दे.
लांब पेचकसाचं टोक कॉम्प्रेसरवर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले.
अमरावती रोडवरून ट्रेलर गेले, बस गेली,
बर्फाच्या गोळ्याची घंटा गेली.
"धोटा चुकून राहिला," म्हणाले.

कॉम्प्रेसरच्याच पाठीवर स्टिअरिंगचा पंप,
एकाच गियरवर दोघांचं पोट.
त्या गियरचा नट सैल.
शाफ्टवर घासून निळसर झालेली जागा दाखवली,
आणि चावी, झिजून नखाएवढी.
गियर कधी धरायचा, कधी नुसताच फिरायचा.
धरायचा तेव्हा मी चांगला ड्रायव्हर होतो.

चावी साठ रुपयांची. मजुरी सातशे.
पोरगा पान्यात पाइप घालून त्यावर उभा राहिला,
नट करकरला.
काटा चढला, सहा, सात, साडेसातावर फुस्स.
मी एका बोटानं स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं, तसंच धरून ठेवलं.
"सोड बे, टोकाले धरून नको ठेवू," ते ओरडले, "पंप रडते!"

रात्री रिकामी गाडी घेऊन पारडीला गेलो.
माल नव्हता, काम नव्हतं.
उतारावर, आरशात कुणी नाही बघून, कचकन दाबला.
थांबली.
जरा डावीकडं ओढून थांबली.
इंडिकेटर लावला, वही काढली,
आणि दोन्ही पानांच्या मधल्या शिवणीत लिहिलं:
डावीकडे ओढते. उद्या सोनबाजी.