अळणी

डॉक्टर सारनाईने रिपोर्टाच्या पाठीवर
पेनने काढलं बाबांचं यकृत:
आधी गुळगुळीत, मग खडबडीत,
अरवैखेरबाहेरच्या माळासारखं,
उंदरांनी पोखरलेल्या.
"हे व्रण. पुसले जात नाहीत.
वाढू नयेत, एवढंच बघायचं."

सिरोसिस. तो शब्द मी
उलानबातरहून सहा तास
जीपमध्ये हातमोज्यात धरून आणला.
बाबा काचेतून दुसऱ्यांच्या मेंढ्या मोजत होते.
"मी तर थेंबाला शिवलो नाही," एकदाच म्हणाले.
विषाणू, बाबा. बहुतेक सैन्यातली ती सुई,
अख्ख्या तुकडीला एकच.

रोज एक गोळी, चुकवायची नाही.
सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी.
पुढच्या महिन्यात घशातून दुर्बीण,
आणि आम्हा तिघा भावंडांचं रक्त तपासायचं.
मीठ बंद.

मीठ!
आमच्या चहात साखर नसते, मीठ असतं.
आईने दूध ओतलं, पळीने उंचावरून
खालीवर केलं, चाळीस वर्षं करते तसं.
हात डब्याकडे गेला
आणि रिकामाच परत आला.
सगळ्यांचाच चहा तिने अळणी केला.

आमच्या भाषेत रक्ताच्या माणसांना
एका काळजाचे म्हणतात,
आणि काळीज म्हणजे हेच,
उजव्या बरगडीखालचं.
माझा रक्तगट मी विचारून ठेवलाय.
अजून कुणाला बोलले नाही.

बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं.
"चुलीवरचं नुसतं गरम पाणी," म्हणाले,
आणि वाटी पुन्हा पुढे केली.