पूर्ण एक मिनिट

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा.
तीस सेकंद मोजून दुप्पट करायचं नाही.
हे सिस्टर इनासिनानं शिकवलं, जुन्या आझिलोत,
ती निवृत्त व्हायच्या वर्षी:
लहान मूल मध्येच थांबतं गो, विसरल्यासारखं,
आणि मग घाई करतं.
अर्ध्या मिनिटाला फसू नको.

आज नरकासुराची रात्र. म्हापशात
प्रत्येक वाड्याचा आपला राक्षस, आपला स्पीकर.
कॅज्युअल्टीच्या काचा थरथरतात,
ट्रेमधल्या कुप्या एकमेकींना लागतात
आणि मी जेनिटाचं झबलं वर करून वाकले आहे.
सात महिने.
दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडतो,
नाकपुड्या फुलतात.
एकावन्न, बावन्न.
आई म्हणते, सांजेपासून पोट उडतंय तिचं,
लसणीचं तेल चोळलं, मीठ तापवून शेकलं,
आमकां दिसलें थंडी बाधली.
तिच्या हातांना अजून लसणीचा वास.
मी मान वर करत नाही.
अडुसष्ट.

मग दीपराज मळीक, तेरा वर्षं, खोर्ली.
चालत आला. चालत आलेल्यांना बाकावर बसवतात.
केसांत खळ, नखांत लाल रंग.
पाच दिवसांचा ताप घरी सांगितलाच नाही,
आईनं मांडवात पाठवलं नसतं.
बोलताना दर तिसऱ्या शब्दाला थांबत होता.
त्या ढोलांत ते मला कसं ऐकू आलं, कोण जाणे.
बाकावरून उठवला.
बोटाला चिमटा लावला: सत्त्याऐंशी.

"छाती मी बांधली त्याची," मास्कच्या आतून म्हणाला,
"बांबूची. एका बाजूला बारा कामट्या.
शाळेत सांगाडा आहे ना, तो बघून."

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.
उजवीकडे, खाली, पांढरं:
ओला कागद चिकटवून वाळायला ठेवावा तसं.
तो बराच वेळ बघत राहिला,
मग हवेत बोट हलवत मोजू लागला.
बारा, म्हणाला. बरोबर आहे.

पावणेचारला जेनिटाला बांबोळीला नेलं.
परत आल्यावर ड्रायव्हर सांगत होता,
खोर्लीच्या चौकात वाटच नव्हती,
तीन पुरुष उंच राक्षस रस्त्यात आडवा.
पोरांनीच ओढून गटाराकडे लोटला.
मान मोडली त्याची, छातीही गेली.
कोणी एक शब्द बोललं नाही, म्हणाला,
उलट दोघे गाडीपुढे धावत गेले हात हलवत.

साडेपाचला बाकीचे जाळले.
स्पीकर एकेक गप्प झाला
आणि ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी
पहिल्यांदाच ऐकू आलं.
दीपराजनं डोळे उघडले.
जाळला?
जाळला.
नीट पेटला?
मी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावत होते,
धूर आत येऊ लागला होता.
पेटला, म्हटलं.

घरी अंगणात कारीट ठेवलंय, पायाखाली फोडायला.
गुळाचे पोहे, ताकातले पोहे, झाकून.
मी अजून युनिफॉर्ममध्ये, पायरीवर.
बांबोळीहून फोन नाही.
आत माझा मुलगा पालथा पडलाय, रात्रभर नाचून आलेला
सोळा वर्षांचा धटिंगण,
पायांना काजळी.
पाठ वर जाते, खाली येते.
मी उठून दारात उभी राहते,
सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबते
आणि सुरू करते.