मापाची वही

सेलूला स्टेशन रोडवर, पिठाच्या गिरणीला लागून माझं दुकान.
पाटी पुसली गेली, बायका तरी चुकत नाहीत.
मशीनच्या खणात एक वही आहे, लाल कापडाच्या पाठीची,
एकोणीस वर्षांची मापं तिच्यात.

छाती, कंबर, बाही, गळा.
नाव पूर्ण लिहीत नाही मी.
गिरणीवाली धाकटी. बँकेतली उंच. नुसरत, जिंतूर नाक्याची.
कोण धड जेवत नाही, कोणाला दिवस गेलेत,
टेपला नवऱ्याच्या आधी कळतं.
टेप गळ्यात टाकून मी गप्प.
शिवणीत दोन बोटं कापड जास्तीचं सोडते,
बाहेरून दिसत नाही ते.

एकदा एकीची सासू आली. बसली, पाणी प्याली,
म्हणली, बघ की गं वहीत,
पंचमीपासून किती भरली आमची?
वही समोरच होती.
काजं करता करता मी म्हणलं,
मावशी, उंदरानं कुरतडली ती.

आता हा फोन.
कावेरीनं घेऊन दिला, लातूरला नर्सिंगला असते ती.
नावं कशाला ठेवू? सुट्ट्या पैशांची कटकट गेली,
मशीनच्या खडखडाटातही ओरडून सांगतो,
पन्नास रुपये प्राप्त झाले.
रात्री अकराला गळ्याचे नवे नमुने दाखवतो.

पण परवा शेजारणीला नुसतं म्हणलं,
पायडल मारून गुडघे लई दुखायलेत गं,
तर संध्याकाळपासून गुडघ्याचं तेल,
गुडघ्याचा पट्टा, गुडघ्यावर कुण्या वैद्याची पुडी.
आत कोण बसलंय, माझं माप घेत?
कावेरी म्हणली, आई, तूच कधी शोधलं असशील.
शोधलं होतं, उन्हाळ्यात.
मी विसरले. तो नाही विसरला.

दिवाळीला निघाली तेव्हा तिनं निळा ठिपका पाठवला.
अंबाजोगाई सोडलं. माजलगावला थांबली, चहा घेत असणार.
एक बाही मी दोनदा उसवली त्या नादात.
ठिपका पाथरीला आला अन् मी भात टाकला.
खरं सांगते, एवढा जिवाला थंडावा
कुठल्या नवसानं दिला नव्हता मला.

ती परत गेली, ठिपका राहिला.
मंगळवारी भर दुपारी, कॉलेजच्या वेळेला,
तासभर गंजगोलाईत.
बुधवारी पुन्हा. तिथंच.
मी फोन लावला, गोलाईत काय करायलीस गं?
पलीकडं बराच वेळ काही नाही,
नुसत्या रिक्षा.
मग म्हणली,
आई, तू माझी कंबर मोजायलीस का?

उंदराच्या दिवशी ती तिथंच होती.
सात वर्षांची, खाली बसून बटणं निवडत.

रात्री ठिपका विझला.
मी रागावले नाही.
रागावले होते, खोटं कशाला बोलू.
दोन दिवस मशीन जोरात चालवलं.

फोन विचारतो, ॲप वापरात असताना?
फक्त या वेळी?
परवानगी देऊ नका?
आधी गिऱ्हाईक उभं म्हणून वरचंच दाबायचे, न वाचता.
आता चष्मा लावते.
बॅटरीच्या उजेडाला माझ्या बायकांचे नंबर कशाला? नाही.
नकाशाला, फक्त या वेळी.
पैशाच्या ॲपला, घे बाबा,
लाइट बिलाच्या रांगेत मी आता उभी राहत नसते.
कुठं कुठं काय देऊन बसले आधी,
ते उसवता येतं का, कळत नाही.

काल ती आली.
"निघाले" एवढाच मेसेज. ठिपका नाही.
भात अंदाजानं टाकला, थोडा गार झाला,
तिनं तसाच खाल्ला.
मग म्हणली, ड्रेस शिवायचाय, माप घे.
हात वर करून उभी राहिली.
मागच्यापेक्षा वाळली होती.
मी विचारलं नाही.
वहीत आकडे लिहिले,
वर नाव घातलं नाही.