खाली बोलता येत नाही

मुर्डेश्वरला भाडं घेऊन गेलेला भैरू
येताना एक कागद घेऊन आला.
पुढं कन्नड, मागं इंग्लिश, मधी एक कासव.
"काका, नेत्राणी बेट. होडीनं दीड तास.
पाठीला टाकी बांधतात, हात धरून खाली नेतात.
पवायला यायला पाहिजे असं काय नाही."

मी कांडी बदलत होतो.
सुगंधानं कागद पदरानं पुसला
आणि कॅलेंडरच्या मागं खोचला,
जिथं लाइटबिल असतं.

म्हणजे जायचं ठरलं.

तेव्हापासून वडगावातल्या आमच्या खोलीत
दोन मागांच्या मधी एक बेट आहे.
त्याला वळसा घालून जावं लागतं.
एप्रिलात लग्नसराई, शेठ बीम थांबू देणार नाही.
जूनपासून समुद्र बंद.
बंद म्हणजे? शटर ओढतात?
भिशी लागणार दिवाळीनंतर,
तेव्हा पाणी स्वच्छ असतंय म्हणतो भैरू,
तळ दिसतो.
रात्रीची भटकळ गाडी, परतीला जमेल ते.

जॅकार्डच्या फुकट गेलेल्या पुठ्ठ्यावर
भोकं चुकवत तिनं यादी केली:
भाकरी, शेंगाचटणी, ओव्याची पुडी,
तुमची गोळी, जुना टॉवेल.
सगळ्यात खाली
मासे (बघायचे).

फोन तिनंच लावला.
तिचं कन्नड माझ्यापेक्षा बरं,
मला शिव्यांच्या आधारानं बोलावं लागतं.
ऐकता ऐकता ती हसायला लागली,
फोनवर हात ठेवून ओरडली माझ्याकडं,
"खाली बोलता येत नाही म्हणे!
हातानं खुणा करायच्या, अर्धा तास शिकवतात!
आणि आपण बावीस वर्षं काय करायलोय?"

खरंच.
मूठ उघडझाप म्हणजे चहा.
तळवा आडवा म्हणजे धागा तुटला.
कानाच्या पाळीला बोट: पोरीचा फोन.
नाकाला बोट: ईराण्णा आलाय उधारी मागायला, तू घरात नाहीस.
तिचा बाप गेला त्या दुपारी
तिनं हात नुसता हवेत धरला होता.
त्याची खूण आमच्यात नव्हती.
मी दोन्ही माग बंद केले.

तिथली एकच खूण उलटी निघाली:
अंगठा वर म्हणजे छान नव्हे,
मला वर न्या.

बीमवर सध्या रामा रंग आहे.
सहा वार, मग पुन्हा सहा वार.
मी त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतो आता,
एवढं निळं-हिरवं विणलं
आणि कधी आत शिरलो नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला प्रश्न होते.
दमा? नाही. फिट? नाही.
कानाचा त्रास?
डावा कान खटखटीनं कधीचा खाल्लाय.
खडेबाजारातल्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं,
म्हणाला, पडद्याला भोक आहे,
मी सही करणार नाही.
हे मी घरात बोललो नव्हतो.
मोरीत जाऊन नाक दाबून फुंकून बघत होतो,
वारा कुठून निघतो ते.

काल रात्री करंट गेला.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले
आणि जे उरलं ते इतकं मोठं होतं
की आम्ही दोघंही दबून बसलो.
आता बोलता आलं असतं.
पण सवयीनं माझा हातच वर गेला:
कान, आणि मग तळवा आडवा.

मोबाइलच्या उजेडात ती बराच वेळ
माझ्या हाताकडं बघत राहिली.
मग तिनं बोट स्वतःच्या छातीला लावलं,
खाली दाखवलं,
भुवया वर केल्या.
मी एकटी?

मी अंगठा नि बोट जुळवून गोल केला.
तो गोल अंधारात तिला किती दिसला
देव जाणे.
तिनं मूठ उघडझाप केली.

सकाळी पुठ्ठ्यावर
माशांच्याही खाली, भोकाला चिकटून
एक ओळ वाढलेली:
यांच्या कानाला कापूस.

कापूस तिथं चालत नाही
हे तिला सांगायचं
कुठल्या खुणेनं?