दुबार

आल्हादने गेम टाकून दिला माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर.
पडल्या पडल्या बोटं तरी हलव, म्हणाला.
फासे टाकायचे, नाणी गोळा करायची,
पाकीट फुटलं की आत तीन स्टिकर.
नऊ झाले की पान भरतं,
एकवीस पानं भरली की अल्बम.
मी आयुष्यभर साड्यांना फॉल लावले,
काठ संपेस्तोवर मला उठवत नाही.
अर्धं पान दिसलं की बोट शिवशिवतं.

फोनमधले सगळे नंबर गेमात आपसूक आले.
गॅसवाला, पिको करणारी मीनल,
बिल्डरच्या ऑफिसातला तो पोरगा,
आणि शशी.
चेहऱ्याच्या जागी टोपी घातलेला पाणघोडा.
नाव तेच.

शशीशी मी तीन वर्षं बोललेले नाही.
काळाचौकीची खोली, एकशे साठ फूट.
पागडीची पावती माझ्या नावावर,
कारण आईचं बेडपॅनही माझ्याच नावावर होतं.
ती म्हणाली, जन्म दोघींचा तिथला.
तेही खरं.
मग वकील. मग टॉवरच्या कागदावरची सही अडकली.
मग भाचीच्या हळदीला आम्ही
मांडवाच्या दोन टोकांना उभ्या राहून
एकाच कॅटररला शिव्या दिल्या.

एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
फोन उशीखाली थरथरला.
शशीने तुम्हाला स्टिकर पाठवला आहे.
फुटका नांगर, एक चांदणीवाला.
अगदीच फडतूस, कोणाकडेही चार-चार पडलेले असतात.
माझ्याकडे नव्हता.
मी पाठवला पाव पळवणारा सीगल.
तिने कंदील. मी दोरखंड.
दिवसाला पाचच पाठवता येतात,
आणि सोबत एक अक्षरही लिहिता येत नाही.
बरंय.
लिहिता आलं असतं
तर पहिल्या कंदिलालाच भडका उडाला असता.

तिचेही पाय रात्री दुखत असणार.
आईचे दुखायचे.

गुरुवारी सकाळी अल्बम संपणार होता.
संपला की सगळंच जातं,
भरलेलं काय, अर्धं काय.
बुधवारी रात्री मी शशीचं शेवटचं पान उघडलं:
आठ भरलेले, एक राखाडी चौकोन.
लंगडा खलाशी. पाच चांदण्या.
तो माझ्याकडे आला होता, देवाशप्पथ,
रोजच्या फुकटच्या पाकिटात.

दाबलं, पाठवा.
गेम म्हणाला, तुमच्याकडे हा एकच आहे.
दुबार असेल तरच देता येईल.
चष्मा पुसून पुन्हा दाबलं.
एकच आहे.
मला हसू आलं, जरा वाईट हसू.
वकिलाने पाच हजार घेऊन
हेच तर सांगितलं होतं.

साडेबारापर्यंत पाकिटं फोडत बसले
दुसऱ्या खलाशासाठी.
नांगर आले. सात नांगर.
आल्हाद दारात येऊन म्हणाला,
आई, कार्डावरून एकशे एकोणपन्नास कसले गेले?
मी म्हटलं, दोऱ्याचे.

मग खलाशाचा फोटो काढला.
व्हॉट्सॲपवर शशी खाली, फार खाली सापडली.
तिचं शेवटचं काय होतं तर नोटिशीचा फोटो,
वाकडा, कोपऱ्यात चहाची बशी आलेली.
ती बशी आईच्या सेटातली.
त्याच्याखाली मी खलाशी चिकटवला.
लिहिलं, एकच आहे गं.
पुसलं.
लिहिलं, दुसरा आला नाही.
ते मात्र गेलं.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी उत्तर:
गुडघा शेकलास का. झोप आता.

शेकला नव्हता.
भिंतीला धरून उठले,
रबरी पिशवी शोधली, पाणी तापत ठेवलं.