धूळ चालत नाही

आठवड्याचे सहा दिवस मी
गाड्यांना रंग लागतो त्या खोलीत असतो.
आत शिरण्याआधी वाऱ्याच्या झोताखाली
हात वर करून गोल फिरायचं,
चिकट चटईवर बूट दाबायचे,
केस टोपीत, दाढी जाळीत.
कारण एक कण जरी बसला
तरी बॉनेटवर फोड येतो,
आणि त्या फोडाला नंबर असतो,
तो कुणाच्या तरी नावावर चढतो.

शनिवारी सातपूरला सुट्टी.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी
अशोकनगरला आमच्या इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर
मी एक बादली नेली. नुसती बादली.
काळी माती होतीच.
अर्ध्या तासात नऊ पोरं जमली,
तासाभरात ती कुणाची कोण हे ओळखू येईना.
गौरांगच्या आईनं चुकून
दुसऱ्याच मुलाचा कान धरून त्याला जिन्यापर्यंत नेलं.

दुसऱ्या शनिवारी रविवार कारंजावरून
पाच किलो मक्याचं पीठ आणलं. परातीत पाणी घालून
सैलसर कालवलं. आता मारा म्हटलं.
मुठीनं मारलं की दगड.
बोट हळूच सोडलं की खीर.
अल्फिया बराच वेळ दोन्ही करून बघत होती.
मग म्हणाली, "आमच्या पप्पांसारखं आहे."
कुणीच हसलं नाही.
ती स्वतःच हसली, तेव्हा सगळे हसले.

तिसऱ्याला हळद.
बायकोची जुनी चादर (विचारलं नव्हतं)
हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर टाकली,
बाटल्यांच्या झाकणांना भोकं पाडली,
आत धुण्याच्या साबणाचं पाणी.
पहिली चिळकांडी बसली
आणि पिवळं होतं तिथं लाल उमटलं.

ही रहाड बघितलेली पोरं.
रंगात उड्या टाकणं त्यांना नवीन नाही.
पण रंगानं असं तोंडादेखत मत बदलावं,
हे त्यांना मंजूर नव्हतं.
"काका, साबण तर पांढरा आहे ना?"
"हळदीला विचार."
त्यांनी खरंच विचारलं. ओरडून. चादरीला.

रेवण तेवढा गटाराच्या झाकणावर उभा.
पांढरे मोजे, पाठीला शिकवणीची बॅग.
तीन शनिवार तिथंच.
ये म्हटलं की मान हलवायचा,
जा म्हटलं की तीच मान, तशीच.
त्या दिवशी अचानक म्हणाला,
"परत पिवळं होईल का?"
मला ठाऊक होतं. सांगितलं नाही.
शेजारच्या गाड्यावरून अर्धं लिंबू आणून
त्याच्या हातावर ठेवलं.
तो झाकणावरून उतरला. मोज्यांचं काय झालं
ते त्याच्या आईनं तिसऱ्या मजल्यावरून
सगळ्या कॉलनीला सांगितलं.
त्याला ऐकू गेलं नाही.
लाल कापडात एकेक पिवळी खिडकी उघडत
तो सावकाश पुढं सरकत होता.

बोडके सेक्रेटरी खाली आले.
"हा प्लॉट कुणाचा आहे, माहीत आहे का?"
नव्हतं माहीत.
पोरांनी त्यांच्या हातात एक बाटली दिली.
त्यांनी ती धरली,
एवढंच सांगतो.

रविवारी पहिली पाळी.
आत जाण्याआधी हात धुवायला
साबण लावला, आणि बघतो तर
दहाच्या दहा नखांच्या कडा लाल.
सुपरवायझर मागून वाकला,
"काय रे, लागलं का कुठं?"
"नाही साहेब," म्हटलं,
"लिंबू आहे का?"

मग हातमोजे चढवले.
वाऱ्याखाली हात वर करून गोल फिरलो,
चटईवर बूट दाबले,
आणि बाहेरचा एकही कण आत नेला नाही,
अशी रजिस्टरला नोंद आहे.