बाकी एक

शंभराला तीनने भाग द्यायला बसलो
त्या रात्री सूरमध्ये वारा पडला होता.
खाडीपलीकडे दीपगृहाचा दिवा फिरत होता,
कराराच्या कागदावर चहाच्या पेल्याचं गोल वळ,
आणि आम्ही तिघं.
यक्झान, ज्याला समुद्राचा रंग पाहून मासळीचा भाव कळतो.
लुझवी, इलोइलोची, आठ वर्षं रक्तपेढीच्या थंड खोलीत;
म्हणते, मासा रक्तापेक्षा लवकर रुसतो.
आणि मी, इचलकरंजीच्या माग दुरुस्त करणाऱ्याची मुलगी,
जिला आवाजावरून यंत्राचं दुखणं कळतं,
माणसाचं कळत नाही.

तेहतीस, तेहतीस, तेहतीस.
"बाकी एक," मी शाळेतल्यासारखं पुटपुटले.
यक्झानने मान वर केली.
"बाकी? हा तर आमचा शब्द."
मग लागलीच आम्ही दोघं
हिशेब, जमा, नफा, नुकसान, तारीख, कबूल
एकेक शब्द उंबऱ्याच्या आत घेत गेलो,
लग्नघरी लांबचे पाहुणे उतरावेत तसे.
त्याच्या खिशातला बैसासुद्धा
आमच्याकडून गेलेला पैसा निघाला.
हसलो. बऱ्याच दिवसांनी.

लुझवी हसली नाही.
पेनाला टोपण लावत म्हणाली,
"वहीभर तुम्हीच दोघं आहात.
मग उरलेली, ती मी का?"

जूनमध्ये खोका नंबर तीन मेला,
ते कुणी काढलं नव्हतं अजून.
दोनशे किलो कुपा, ज्याला मी तोवर
नुसतं मासा म्हणायचे.
बंदरावर यक्झानला बोलले, त्याच्या मामादेखत.
त्याच्या इन्शाल्लाला टाळाटाळ म्हणाले.
दोन दिवस त्याचा फोन बंद.
लुझवी गप्प राहिली
आणि तिचं गप्प राहणं मी माझ्या बाजूला जमा धरलं.

तिने आता वही माझ्याकडे सरकवली.
रात्री दोन दहा : सहा अंश.
दोन चाळीस : नऊ. वैजूला कळवलं.
वैजूचं उत्तर : बघू.

बघू.
आमच्याकडे हा शब्द कुणाला लागत नाही.
उधारी मागायला आलेल्याला नाही,
स्थळ घेऊन आलेल्याला नाही.
त्यात नकार असतो आणि वर चहाही असतो.
पण नऊ अंशांना बघू समजत नाही.
आणि यक्झान तर इन्शाल्ला म्हणून
फजरच्या आधी पोचला होता,
एकटा, बर्फ घेऊन.

मी ते पान दोघांसमोर मोठ्याने वाचलं.
बघूचा अर्थ सांगितला. सांगताना अडखळले.
जन्मभर हातचा राखून वागले,
आणि बेरीज चुकली की दुसऱ्याचा कागद तपासला.
यक्झान बराच वेळ दिव्याकडे बघत राहिला.
माफ केलं असं काही म्हणाला नाही.
"चार वाजता सुरमई उतरणार," एवढंच.

उतरली.
नळाशी तिघांचे हात खवल्यांनी चंदेरी,
टाकीतलं पाणी पहाटेही कोमट.
"साबोन," लुझवी म्हणाली.
"साबून," यक्झान, त्याच क्षणी.
साबण माझ्या हातात होता.
ह्यावर कुणीच काही बोललं नाही.
फेस एका हातावरून दुसऱ्यावर गेला,
मासळीचा वास मात्र
तिघांनाही सारखाच राहिला.

तो एक टक्का अजून कुणाच्या नावावर नाही.
वकील वैतागलाय.
खोका नंबर तीन दुरुस्त झाला, दार जरा करकरतं,
त्याच्या झाकणावर कुणीतरी खडूने एक काढतं,
दिवसभराच्या ओल्या हातांनी पुसला जातो,
दुसऱ्या दिवशी पुन्हा असतो :
कधी माझा, शेपटी वळवलेला,
कधी यक्झानची नुसती उभी रेघ,
कधी लुझवीचा,
पायाखाली पाट घेऊन बसलेला.